वाचकांचे प्रश्न : दोऱ्यांच्या ताणावर उभ्या राहणाऱ्या रचना

टेन्सेग्रिटी म्हणजे एकमेकींना न टेकणाऱ्या दांड्या आणि त्यांना सगळीकडून ओढून धरणारे दोऱ्यांचे अखंड जाळे. दांड्या फक्त दाब सोसतात, दोऱ्या फक्त ताण. या विषयावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मोबाइलवर पाहून आइस्क्रीमच्या काड्यांचे ‘तरंगते टेबल’ बनवले. वरचा भाग मधल्या एका दोरीवर लोंबकळतो आणि कडेच्या तीन दोऱ्या त्याला सांभाळतात. याला टेन्सेग्रिटी म्हणायचे का? वर दोन किलोचे पुस्तक ठेवले की आतला हात चिकटवलेल्या जागी उखडतो. – बारावी विज्ञान, जुळे सोलापूर

उत्तर : वरचा आणि खालचा भाग एकमेकांना टेकत नाहीत, दोऱ्या आधीपासून ताणलेल्या आहेत, एवढ्यापुरते नाते जवळचे आहे. पण काटेकोर व्याख्येत प्रत्येक भागावरचे बल त्याच्या लांबीच्याच दिशेने असावे लागते. तुमच्या टेबलातले हात वाकवले जातात, म्हणून ते त्या व्याख्येत बसत नाही. उखडण्याचे कारणही नेमके हेच आहे.

हिशेब करून पाहा. वरचा भाग अर्धा किलो, पुस्तक दोन किलो, म्हणजे वजन सुमारे २४.५ न्यूटन. कडेच्या तीन दोऱ्या वरच्या भागाला खाली ओढतात. प्रत्येकीत ५ न्यूटन ताण धरला तर आणखी १५. हे सगळे मधली दोरी एकटी उचलते : सुमारे ३९.५ न्यूटन. हाताचे टोक जोडापासून ६ सेंटिमीटर पुढे असेल, तर जोडावर २.४ न्यूटन-मीटरचे वाकवणारे आघूर्ण (बल गुणिले अंतर) येते. आइस्क्रीमच्या काडीचा नुसता फेव्हिकॉल लावलेला सांधा ते सोसत नाही. हात आखूड करा, जोडाच्या कोनात दोन्ही बाजूंनी त्रिकोणी पट्टी लावा आणि कडेच्या दोऱ्या टेबल डुगडुगणार नाही एवढ्याच ताणा. त्या जितक्या आवळाल, तितका भार मधल्या दोरीवर वाढतो.

प्रश्न : तीन दांड्यांचे मॉडेल करतोय. ३० सेंमीच्या बांबूच्या काड्या (कबाबला वापरतात त्या) आणि साधा सुती दोरा घेतला. मॉडेल उभे राहते, पण हाताने पिळले की सैल फिरते. दोरा आवळला की काड्या धनुष्यासारख्या वाकतात. चूक कुठे? – स्थापत्य अभियांत्रिकी, दुसरे वर्ष, होटगी रोड

उत्तर : दोन वेगळ्या चुका एकत्र आल्या आहेत. पहिली लांबीची, दुसरी काडीच्या जाडीची.

आधी मापे. काडीची लांबी खाचेच्या तळापासून खाचेच्या तळापर्यंत बरोबर ३० सेंमी ठेवा. वरच्या आणि खालच्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू १७.३ सेंमी, उभ्या तीन दोऱ्या प्रत्येकी २३.५ सेंमी. या मापांत मॉडेलची उंची २३ सेंमीच्या जवळ येते आणि वरचा त्रिकोण खालच्यापेक्षा ३० अंशांनी वळलेला असतो. हे ३० अंश आपण ठरवत नाही. तीन दांड्यांच्या रचनेत बलांचा तोल फक्त त्याच कोनात साधतो. चार दांड्या घेतल्या तर तो ४५ अंश होतो. सर्वसाधारण नियम असा : १८०ला दांड्यांच्या संख्येने भागा आणि उत्तर ९०मधून वजा करा.

जोडणीत गोंधळ होतो तो कोणती दोरी कुठे जाते याचा. वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने खालच्या टोकांना अ, ब, क म्हणा. वरच्या टोकांना त्याच दिशेने १, २, ३ म्हणा. १ हे अ पासून ३० अंश पुढे आहे. उभ्या दोऱ्या अ–१, ब–२, क–३. दांड्या अ–२, ब–३, क–१. एक जरी दांडी उलट बसली तरी रचना उभी राहणार नाही. बरोबर जुळल्यावर दांड्या मध्यभागी एकमेकींना टेकत नाहीत. प्रत्येकीचा मध्य उभ्या अक्षापासून २.६ सेंमी दूर असतो. टेकत असतील तर पुढे जाऊ नका, जोडणी पुन्हा तपासा.

दोन्ही त्रिकोण आधी पूर्ण बांधून घ्या, मग दांड्या बसवा, मग दोन उभ्या दोऱ्या पक्क्या करा. तिसरी मात्र सरकगाठीने बांधा, म्हणजे ती हळूहळू आवळता येईल. ती शेवटच्या मिलिमीटरला येईपर्यंत सगळे लुळे वाटते आणि मग एकदम ताठ होते.

आता सैलपणा. दांड्या आणि त्रिकोण ठरलेले असतील, तर ३० अंशांच्या कोनात उभ्या दोरीची लांबी शक्य तेवढी कमी असते. वरचा त्रिकोण कुठल्याही बाजूला फिरवला तरी ती लांबी वाढलीच पाहिजे. ताठरपणा येतो तो यातूनच. पण या किमान लांबीच्या आसपास ती फार हळू बदलते. उभ्या दोऱ्या प्रत्येकी फक्त १ मिमी लांब राहिल्या, तर मॉडेल दोन्ही बाजूंना सुमारे ९ अंश मोकळे फिरते. २ मिमीला तेच १३ अंश होतात. सुती दोऱ्याची गाठ घट्ट बसतानाच दोन मिमी खाते, म्हणून नुसत्या अंदाजाने बांधलेले मॉडेल कायम पिळते. १ ते १.५ मिमीची विणलेली पॉलिस्टर दोरी घ्या, पाच किलो वजन रात्रभर टांगून तिची सुरुवातीची वाढ काढून टाका आणि माप गाठींमधले घ्या, कापलेल्या तुकड्याचे नको.

काड्या वाकण्याचे गणित वेगळे. उभ्या दोरीत १० न्यूटन ताण असेल (साधारण एक किलोची ओढ), तर दांडीवर १२.८ न्यूटन दाब येतो आणि त्रिकोणाच्या दोऱ्यांत ४.३ न्यूटन ताण. ऑयलरच्या सूत्राने ३० सेंमी लांब, ३ मिमी जाड बांबूची काडी सुमारे ६.५ न्यूटनलाच बाक घेते (बांबूचा लवचीकता गुणांक १५ गिगापास्कल धरून). तुमची काडी निम्म्या भारातच संपली होती. ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे ५ मिमीची काडी ५० न्यूटनपर्यंत सरळ राहते. तीच घ्या. खाच ३ मिमीपेक्षा खोल करू नका आणि टोकाला खाचेच्या खाली दोऱ्याचे चार वेढे घाला, नाहीतर बांबू उभा चिरतो.

प्रश्न : मुलीच्या शाळेसाठी असेच मॉडेल केले आहे. दोरीतला ताण मोजायचा कसा? कारखान्यात वार्पिंगवर सुताचा ताण मोजायचे तीन चाकांचे मीटर आहे, ते चालेल का? – यंत्रमाग फिटर, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : मीटरचे तत्त्व बरोबर हेच आहे, पण दोन गोष्टी पाहा. १० न्यूटन म्हणजे १००० सेंटिन्यूटन. बारीक सुतासाठीच्या मीटरची हद्द त्याच्या खूप खाली असू शकते. तबकडीवरचा शेवटचा आकडा आधी वाचा. शिवाय मीटर सुताच्या जाडीसाठी जुळवलेले असते आणि जाड, कडक दोरी चाकांवरून वळताना स्वतःच विरोध करते, म्हणून आकडा जास्त दिसतो. त्याच दोरीला एक किलो वजन टांगून मीटर लावा आणि मिळेल तो आकडा १० न्यूटन समजा.

मीटर नसेल तर दोरी छेडा. फोनवर गिटार ट्यूनरचे अ‍ॅप घ्या. एक मीटर दोरी सोनाराच्या काट्यावर तोला (डेनिअर, म्हणजे सुताच्या जाडीचा आकडा, माहीत असेल तर त्याला ९०००ने भागले की ग्रॅम प्रति मीटर मिळते). दोरी मीटरला २.५ ग्रॅम, मोकळी लांबी २३.५ सेंमी आणि ताण १० न्यूटन असेल, तर सूर १३५ हर्ट्‌झच्या आसपास लागतो. ताण सुराच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे सूर मोजण्यात १० टक्के चूक झाली तर ताणात २१ टक्के चूक होते. तीन उभ्या दोऱ्यांचा सूर सारखा लागला, तर मॉडेल समतोल आहे असे खुशाल समजा. स्प्रिंग काट्याने दोरीच्या मध्यावर ५० ग्रॅमची आडवी ओढ देऊनही पडताळता येते. १० न्यूटन ताणाला दोरी ३ मिमीच्या जवळपास सरकायला हवी.

नायलॉन टाळा. ताणाखाली ते दिवसेंदिवस लांबत जाते आणि सोलापुरातला मे महिना हा वेग वाढवतो. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आणि स्टीलची तार घेतली, तर उलट घडते. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, म्हणून दुपारी ताण वाढतो. सकाळी आवळतानाच नळीच्या बकलिंगला (दाबाखाली बाक घेण्याला) वाव ठेवा.

प्रश्न : हेच मॉडेल कॉलेजच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रस म्हणून टाकले की ‘अस्थिर’ असा संदेश येतो. प्रत्यक्षात तर ते उभे आहे. विश्लेषण कोणत्या क्रमाने करावे? – एम.टेक. विद्यार्थिनी, केगाव

उत्तर : सॉफ्टवेअर चुकत नाही, त्याला पूर्वताण (भार येण्याआधीच दोऱ्यांत असलेला ताण) सांगितलेला नाही. मॅक्सवेलने १८६४मध्ये दिलेला नियम घ्या : सांधे ६, म्हणून ३ × ६ − ६ = १२ भाग लागतात. तुमच्याकडे ३ दांड्या आणि ९ दोऱ्या, म्हणजे बरोबर १२. मोजदाद जुळते, तरी ३० अंशांच्या कोनात एक सूक्ष्म हालचाल मोकळी राहते आणि तिच्या बदल्यात स्व-ताणाची, म्हणजे बाहेरचा भार नसताना भागांतली बले आपसांत तोलून राहण्याची, एक अवस्था मिळते. कॅलडाइन यांनी १९७८मध्ये मॅक्सवेलच्या नियमाशी हा हिशेब जोडून दाखवला : भागांच्या संख्येतून ३ × सांधे − ६ वजा केले की स्व-ताणाच्या अवस्था आणि मोकळ्या हालचाली यांचा फरक मिळतो. इथे तो शून्य आहे, कारण दोन्ही एकेक आहेत. रेषीय ताठरता मॅट्रिक्सला ती हालचाल दिसते, तिला रोखणारा ताण दिसत नाही.

क्रम असा ठेवा. आधी आकार शोधा, तोही बल-घनता पद्धतीने. बल-घनता म्हणजे भागातले बल भागिले त्याची लांबी. त्रिकोणाच्या दोऱ्यांना १, उभ्या दोऱ्यांना १.७३२ आणि दांड्यांना −१.७३२ द्या. ६ × ६ ची बल-घनता मॅट्रिक्स तयार होईल आणि तिची रँक (एकमेकींपासून स्वतंत्र ओळींची संख्या) २ यायला हवी. ३ आली तर सांधे त्रिमितीत पसरूच शकत नाहीत, सगळे एका प्रतलात चपटे होतात. सर्वांत जास्त चुका इथेच होतात आणि त्या बहुधा चिन्हाच्या असतात.

मग १८ × १२ ची समतोल मॅट्रिक्स लिहून तिचे सिंग्युलर व्हॅल्यू विघटन करा. रँक ११ येईल. १२ − ११ = १ ही स्व-ताणाची अवस्था; १८ − ११ = ७, त्यातल्या ६ पूर्ण शरीराच्या हालचाली, उरलेली एक पिळण्याची. कोनात अर्ध्या अंशाची चूक असली तरी रँक १२ दिसते आणि स्व-ताण गायब होतो. म्हणून सांध्यांचे निर्देशांक पूर्णांकात न आणता पूर्ण दशांशांसह टाका. स्व-ताणात सगळ्या दोऱ्या धन आणि दांड्या ऋण आहेत ना, हे पाहा. त्यानंतर त्या पिळण्याच्या हालचालीवर भौमितिक ताठरता (पूर्वताणातून येणारी ताठरता) धन येते का तपासा. ती धन असेल तरच रचना खरी स्थिर.

आणि मग भार. तो टप्प्याटप्प्याने, अरेषीय पद्धतीने द्या. प्रत्येक टप्प्यावर ज्या दोरीचा ताण शून्याखाली जाईल ती काढून पुन्हा सोडवा. शेवटी प्रत्येक दांडीचे बकलिंग तपासा. निकाल वाचताना एक लक्षात ठेवा : पिळाविरुद्धची सुरुवातीची ताठरता पूर्वताणाच्या प्रमाणात वाढते, दोरीच्या जाडीच्या नव्हे. दोरी दुप्पट जाड करून हाती फारसे लागत नाही, ताण दुप्पट केला तर पिळाची ताठरता दुप्पट होते. मात्र दांडीवरचा दाबही तेवढाच वाढतो.

प्रश्न : कार्यालयाच्या प्रवेशद्वारावर अशी कमान किंवा छत करता येईल का? – मंडप व्यावसायिक, बार्शी

उत्तर : शोभेचा मनोरा म्हणून जरूर करता येईल. केनेथ स्नेल्सन या शिल्पकाराने १९४८मध्ये अशी पहिली शिल्पे केली. टेन्सेग्रिटी हे नाव त्याचे शिक्षक बकमिन्स्टर फुलर यांनी दिले. वॉशिंग्टनमधला स्नेल्सनचा १९६८चा ‘नीडल टॉवर’ सुमारे १८ मीटर उंच आहे. छत म्हणून मात्र आम्ही सल्ला देणार नाही. शुद्ध टेन्सेग्रिटी लवचीक असते, वाऱ्यात हलते, आणि तिच्या बऱ्याच आकारांत एक तार तुटली की सगळा आकार कोसळतो. डेव्हिड गायगर यांचे सोल ऑलिंपिकचे सुमारे १२० मीटर व्यासाचे छत किंवा अटलांटाचा १९९२चा जॉर्जिया डोम (तो २०१७मध्ये पाडला) यांना हे नाव लावतात, पण त्यांच्या सगळ्या तारा शेवटी कडेच्या भक्कम दाब-कड्यावर येतात. ब्रिस्बेनचा ४७० मीटरचा कुरिल्पा पूलही मिश्र पद्धतीचा आहे. माणसे खाली उभी राहणार असतील, तर वाऱ्याचा भार आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे काढून स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या.

प्रश्न : अकरावीच्या मुलांना पेशी शिकवताना ‘पेशी ही टेन्सेग्रिटी आहे’ असे सांगितले तर चालेल का? पुरावा किती भक्कम आहे? – जीवशास्त्र शिक्षिका, पंढरपूर

उत्तर : ‘पेशीच्या काही वागणुकीचे टेन्सेग्रिटी हे चांगले प्रतिरूप आहे’ असे सांगा. त्यापुढे जाताना जपून.

डोनाल्ड इंगबर यांनी ही कल्पना पेशीला लावली. त्यांच्या मांडणीत अ‍ॅक्टिनचे सुमारे ७ नॅनोमीटर जाड तंतू मायोसिन या ओढणाऱ्या प्रथिनामुळे सतत आकसत असतात, ते दोऱ्या. २५ नॅनोमीटरच्या पोकळ मायक्रोट्यूब्यूल या दांड्या. पेशी जिथे चिकटली आहे तो आधारही दाबाचा वाटा उचलतो. १०च्या आसपास नॅनोमीटरचे मध्यम तंतू सगळ्यांना बांधून ठेवतात.

पुरावे तीन प्रकारचे. पेशी आधीपासून ताणलेली असते हे निर्विवाद आहे : लेसरने अ‍ॅक्टिनची एक जुडी कापली की कापलेली टोके मागे सरकतात, आणि ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराने चिकटण्याच्या जागा सोडवल्या की चपटी पेशी गोल होते. दुसरा, वांग, बटलर आणि इंगबर यांचा १९९३चा प्रयोग. इंटेग्रिन या चिकटण्याच्या रेणूंना बांधलेले चुंबकीय मणी त्यांनी पिळले. पीळ वाढवला तशी पेशी जास्त ताठ होत गेली. पेशीच्या आतल्या सांगाड्याशी न जोडलेल्या दुसऱ्या ग्राहक रेणूला (रिसेप्टरला) मणी बांधले, तेव्हा असे झाले नाही.

तिसरा मुद्दा दांड्यांचा, आणि अडचणही तिथेच आहे. वर काडीला लावलेले ऑयलरचे सूत्र एकट्या १० मायक्रोमीटर लांब मायक्रोट्यूब्यूलला लावले, तर ती सुमारे २ पिकोन्यूटनला वाकते. मायोसिनचा एकच रेणू तेवढे बल लावू शकतो. मग ती दांडी कसली? उत्तर असे की पेशीत ती एकटी नसते. २००६मध्ये ब्रँगविन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की भोवतालचे जाळे तिला बाजूंनी आधार देते. ती एका मोठ्या कमानीत न वाकता काही मायक्रोमीटरच्या छोट्या लाटांत वाकते आणि त्यामुळे कितीतरी जास्त दाब पेलते.

मायक्रोट्यूब्यूल औषधाने विरघळवल्या की पेशी आपल्या आधाराला जास्त जोरात ओढते, हा पुरावा पाठ्यपुस्तकांत हमखास येतो. दांड्या गेल्या म्हणून भार आधारावर आला, असा त्याचा अर्थ लावतात. पण त्या विरघळताना जीईएफ-एच१ हे प्रथिन मोकळे होते आणि ते मायोसिनचे आकुंचन वाढवते. दोन्ही कारणे एकाच वेळी लागू असल्याने या एका प्रयोगावर निष्कर्ष काढू नका. शिवाय पेशीतला द्रव, तिचे वेळेनुसार बदलणारे वर्तन आणि सांगाड्याची सततची मोडजोड दांड्या-दोऱ्यांच्या मॉडेलमध्ये येत नाही. माणसाच्या परिपक्व लाल रक्तपेशीत तर मायक्रोट्यूब्यूल नसतातच. तिचा आकार पटलाखालचे स्पेक्ट्रिनचे जाळे धरते.

वर्गात दाखवायला सहा दांड्यांचे मॉडेल घ्या : ६ दांड्या, २४ दोऱ्या. दांडी ३० सेंमी असेल तर प्रत्येक दोरी १८.४ सेंमी आणि समांतर दांड्यांत १५ सेंमी अंतर. दोरीऐवजी सुमारे १४ सेंमीचे इलॅस्टिक ताणून लावा. दांडीवरचा दाब एका दोरीच्या ताणाच्या २.४५ पट असतो, म्हणून काड्या ५ मिमीच्याच हव्यात. मॉडेल दाबून खालची टोके कापड ताणून बसवलेल्या चौकटीवर अडकवा, पसरते. सोडा, गोल होते. ट्रिप्सिनचा परिणाम मुलांना डोळ्यांनी दिसतो.

प्रश्न : एका कार्यशाळेत सांगितले की शरीरात हाडे एकमेकांवर टेकत नाहीत, स्नायू आणि फॅशियाच्या (स्नायूंना वेढणाऱ्या पटलांच्या) जाळ्यात तरंगतात; म्हणून गुडघ्यावर वजन येतच नाही. रुग्णांना असे सांगावे का? – फिजिओथेरपिस्ट, सात रस्ता

उत्तर : नाही, सांगू नका. सांध्यांवर दाब येतो आणि तो मोजलेला आहे. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात संवेदक बसवून केलेल्या बर्गमान यांच्या मोजमापांत सावकाश चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या जवळपास अडीच पट बल आढळले. हे वजनापेक्षा जास्त कसे? स्नायू सांध्याला आवळतात, आणि त्यांचा ताण हाडांवर दाब बनून उतरतो. मणक्यांमधल्या चकतीत थेट दाब मोजला, तेव्हा शांत उभे असताना ०.५ मेगापास्कल आणि कंबर वाकवून २० किलो उचलताना २.३ मेगापास्कल आला. गुडघ्याची कूर्चा झिजलेल्या रुग्णाला ‘वजन येत नाही’ असे सांगितले, तर तो जिने चढत राहील.

मात्र जैव-टेन्सेग्रिटीचा विचार मांडणारे शल्यविशारद स्टीफन लेव्हिन यांनी खांद्याच्या पात्याचे जे उदाहरण घेतले, तिथे तो बऱ्याच अंशी पटतो. पाते धडाशी हाडाने जोडलेले आहे ते फक्त गळपट्टीच्या हाडातून. बाकी ते स्नायूंनी चहूबाजूंनी धरलेले असते. सेरॅटस अँटेरिअर किंवा ट्रॅपेझिअस यांतला एक दुबळा झाला की पाते पंखासारखे बाहेर येते आणि हात वर नेताना इतर स्नायूंचा ताण बदलतो. गळ्यातले हायॉइड हाड तर दुसऱ्या कोणत्याच हाडाला सांध्याने जोडलेले नाही. रुग्णाला समजावताना ही दोन उदाहरणे घ्या. खुबा, गुडघा आणि कंबर यांचा विषय निघाला की दाबाचे आकडे सांगा. वजन कमी करणे, मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम आणि दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात काठी हे उपाय त्या आकड्यांवरच उभे आहेत. काठी विरुद्ध हातात धरली की खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंना कमी जोर लावावा लागतो, म्हणून सांध्यावरचा दाब काठीवर टाकलेल्या भारापेक्षाही जास्त उतरतो.